ट्रॉलीतलं बिऱ्हाड

परदेशातल्या चाकांवरच्या घरांचे व्हिडिओ लोक कौतुकाने बघतात. घरामागे मोटार कशी जोडावी, तेही शिकतात. अहो, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या सावेडीवरून, मनमाड रस्त्याने काय जातं मग? पाथर्डी-बीडकडची ऊसतोड कुटुंबं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि सगळ्यांत वर पोरं. (मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला बंदी आहे म्हणे!)

मग हंगामभर त्याच ट्रॉल्या, बऱ्याचदा दोन-दोन, उसाने शिगोशीग. बहुतेकींना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचं वजन ट्रॅक्टरलाच पुढे लोटतं. वजन मागे जास्त पडलं की ट्रॉली डुलते. जोडाच्या पिनेला जोडीला साखळी हवी, मागे लाल दिवा आणि रेडियमची पट्टी हवी. खर्च किती? एका खेपेच्या उसापुढे किरकोळ.

अपघात झाला की 'ड्रायव्हर प्यायलेला असेल' म्हणून सगळे मोकळे. पण प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू करणारा आपला जिल्हा. इथे प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढते, तिचं वजन टिपलं जातं. मग दिवा नसलेली ट्रॉली त्याच काट्यावरून परत का पाठवत नाहीत?