नव्या नोकरीची खबर आणि लेकरांचा नफका

अमेरिकेत 1996 चा एक कायदा आहे. कुणालाही नोकरीवर घेतलं की मालकाने 20 दिवसांच्या आत त्याचं नाव आणि पत्ता राज्य सरकारला कळवायचा. कारण मुख्यतः एकच: मुलांची पोटगी. बाप नोकरी बदलून गायब झाला, तरी सरकार ही नावं पोटगीच्या हुकमांशी ताडून बघतं आणि रक्कम थेट पगारातून कापायला लावतं.

आपल्याकडे कोर्टाचा हुकूम मिळतो, पण माणूस कुठे कामाला लागला हे तलाक झालेल्या बाईनेच शोधायचं. शरीयतवर आपण तासन्‌तास बोलतो. सूरह बकराच्या 233 व्या आयतीने तान्ह्या बाळाच्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे, ते मात्र सोयीने विसरतो.

20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत भविष्य निर्वाह निधीसाठी नव्या कामगारांची नोंद होतेच. ती पोटगीच्या हुकमांशी जोडावी, फक्त तेवढ्याच कामासाठी, असं मला वाटतं. छोट्या गॅरेज-बेकरीतले, यंत्रमागावरचे बरेच कामगार यातून निसटतील, हे खरं. पण कोण कुठे राबतो हे मोहल्ल्याला ठाऊक असतं. ते कोर्टात सांगण्याला गीबत म्हणू नये. लेकरांचा हक्क आहे तो.