लिहिणारे आणि पाठविणारे

साहित्यसंमेलनाचा मंडप नांदेडास पडो वा लातुरास, व्यासपीठावरून एक विलाप हमखास ऐकू येतो: मोबाइलने वाचन बुडविले, समाजमाध्यमांनी लेखन नासविले. श्रोते माना डोलवितात, आणि डोलवीत असतानाच त्यांपैकी निम्म्यांचे डोळे मांडीवरील यंत्राकडे लागलेले असतात. हा विलाप आम्हांस मुळीच मान्य नाही. पहाटेच्या शुभेच्छांपासून मध्यरात्रीच्या भांडणापर्यंत मराठी माणूस आज दिवसभर अक्षरांत बुडालेला आहे. जो पूर्वी पोस्टकार्डही दुसऱ्याकडून लिहवून घेई, तोदेखील आता अंगठ्याने लिहितो. तेव्हा लेखन बुडाले हे म्हणणे खोटे. बुडाला आहे तो लेखक, आणि त्याला बुडविण्यात आम्हां शिकलेल्यांचा हात मोठा आहे.

'ब्लॉग' हा शब्द परका असला तरी वस्तू आमच्या घरचीच आहे. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात गोपाळ हरि देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने जी पत्रे लिहिली, ती याहून निराळी काय होती? लहानसा मजकूर, चालू विषय, रोखठोक मत आणि वाचणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड! पुढे १८७४ त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' काढली. तिचे चौऱ्याऐंशी अंक मुख्यत्वे एकट्याच्या लेखणीवर चालले. स्वतःचे घर, दारावर स्वतःची पाटी, आणि आत जे काही आहे त्याचा जाब द्यावयास स्वतः धनी हजर, अशी ही रीत होती. वीसेक वर्षांपूर्वी मराठीत ब्लॉग लिहिले जाऊ लागले तेव्हा हीच रीत परत आली असे आम्हांस वाटले. कोणी अभियंता, कोणी गृहिणी, कोणी तालुक्याच्या गावचा शिक्षक, पुण्या-मुंबईच्या संपादकाची पायरी न चढता लिहू लागला. याचा आनंद मराठवाड्यास सर्वांहून अधिक व्हावयास हवा होता. निजामी राजवटीत 'गश्ती निशान ५३' या फर्मानामुळे सभा भरवावयाची तरी सरकारची परवानगी लागे. ती राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली. ज्यांच्या वडिलांस बोलण्यापूर्वी विचारावे लागे, त्यांना न विचारता लिहिण्याची सोय मिळाली.

आणि आम्ही तिचे केले काय? आधी घर सोडून फेसबुकच्या बाजारात जाऊन बसलो. नंतर तेथूनही उठून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत शिरलो. या स्थलांतराचा इतिहास क्रियापदांतच उमटला आहे. ब्लॉग 'लिहीत' असत. पोस्ट 'टाकतात'. निरोप 'पुढे पाठवितात'. टाकणे हे क्रियापद मराठीत केरास लागते, सापाच्या कातेस लागते आणि नको झालेल्या जबाबदारीसही लागते. लोकांनी ते अगदी नेमके निवडले आहे. पुढे पाठविणे तर त्याहूनही सोपे. त्यात विचार दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचे, आणि तो दुसरा कोण हे कोणासच ठाऊक नाही. हमालासही पाठीवरच्या पोत्यात गहू आहे की ज्वारी एवढे तरी माहीत असते!

या निनावीपणाने वाङ्मयाचे जे हसे झाले आहे ते पाहा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, पु. ल. देशपांडे २००० साली, व. पु. काळे २००१ साली. व्हॉट्सअ‍ॅप जन्मले २००९ त. तरी हे तिघे तेथे अद्याप नित्य नवे लिहीत आहेत. कोणत्याही गुळमट सुविचाराखाली यांपैकी एकाचे नाव डकविले की तो खपतो. शाळकरी पोराने हे केले तर हसून सोडून देता येईल. परंतु मराठीच्या प्राध्यापकांच्या गटांतही असली कविता फिरते, तिला वीस जण हात जोडतात, आणि मूळ संग्रह कपाटातून काढून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांनी शिकविले, तेथे तरी आधार विचारण्याची लाज वाटू नये.

"करमणूकच ती, कोणाचे काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. त्याने धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे नाव घ्यावे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना तेथील जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. ती लिहिली कोणी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. पाठविली मात्र सर्वांनी होती, आणि प्रत्येकाने ती काळजीपोटीच पाठविली होती. त्याच महिन्यात कंपनीने अशा निरोपांवर 'फॉरवर्डेड' अशी चिठ्ठी लावली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविण्यास बंदी केली. बोटांना आवर घातला गेला. बुद्धीला आवर घालणे कंपनीचे काम नव्हे.

टोपणनावाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते; त्यांनी नाव झाकले, पण पाठोपाठ शंभराहून अधिक पत्रे एकाच सहीने लिहिली, म्हणून त्यांच्याशी भांडता आले. टोपणनावामागे माणूस असतो. पुढे पाठविलेल्या मजकुरामागे नुसती रांग असते.

दुसरे नुकसान याहून मुकाट्याने झाले आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. गाडीचे छायाचित्र देशभर गेले. पण कोणत्या गल्लीत टँकर किती दिवसांनी येई, घागरीचा भाव काय होता, रात्रीच्या रांगेत कोण कोणाशी भांडले आणि कोणी कोणास पाणी दिले, हे लातूरकरांनी रोज आपापल्या फेसबुकावर आणि गटांत लिहिले होते. ते आम्ही शोधू गेलो तेव्हा कोणाचा मोबाइल बदललेला, कोणाचे खाते बंद, कोणी जागा भरली म्हणून सारे पुसून टाकलेले. ऑर्कुट २०१४ त बंद झाले तेव्हाच हा धडा मिळाला होता. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाची वृत्तपत्रे आजही ग्रंथालयात मागवून वाचता येतात. त्यानंतर तेवीस वर्षांनी आलेल्या तहानेचे, तिच्या काळी हजारो हातांनी लिहिलेले टिपण मात्र हाती लागत नाही.

"ब्लॉग लिहिला तर वाचतो कोण?" हा प्रश्न आम्हांस महाविद्यालयात नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांनी त्याच सकाळी कोणाचे तरी पाच निरोप पन्नास जणांना पाठविलेले असतात. ते पन्नास जण तरी वाचतात काय, हे त्यांना विचारावे, म्हणजे विषय बदलतो.