लोगो करायचाय? आधी माऊस खाली ठेवा!

आपल्या कॉलेजात दरवर्षी दोन गोष्टी न चुकता येतात. एक म्हणजे सबमिशनचा आठवडा, आणि दुसरी म्हणजे फेस्टच्या आधी होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये घुमणारी आरोळी, "अरे, लोगो कोण करतंय?" मग ज्या बिचाऱ्या ज्युनियरच्या लॅपटॉपवर कोरलड्रॉ असेल त्याला रात्री अकराला गाठलं जातं. "पाच मिनिटांचं काम आहे रे! कूल पाहिजे, टेक्निकल पाहिजे, थोडा ट्रॅडिशनल टच पण दे. सकाळपर्यंत चार-पाच ऑप्शन टाक." सकाळी जे येतं ते आपण टी-शर्टवर वर्षभर मिरवतो. एक दातेरी चाक, एक बल्ब आणि मध्ये सर्किटच्या रेषा. चाक मेकॅनिकलचं, सर्किट ईएनटीसीचं, आणि बल्ब सगळ्यांचा!

मित्र-मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे की लोगो शिकायची याहून वाईट सुरुवात नाही. आणि दोष त्या ज्युनियरचा नाही, आपल्या समजुतीचा आहे. आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअर आलं की लोगो आला. मी काही मोठी डिझायनर वगैरे नाही. दीड-एक वर्षापासून हा नाद लागलाय, एवढंच. त्यामुळे हे एका नवशिक्याने दुसऱ्या नवशिक्याला सांगितलेले चार शब्द समजा.

आधी सॉफ्टवेअरबद्दल. कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये पेन टूलने आपण जी वळणं काढतो त्यांना बेझिये कर्व्ह म्हणतात. पियेर बेझिये हा रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतला इंजिनियर. गाडीच्या बॉडीची वळणं गणितात बसवण्यासाठी त्याने १९६० च्या दशकात ही पद्धत वापरात आणली. म्हणजे हे टूल मुळात आपल्याच जातकुळीतलं! पण गाडी कशी दिसावी हे बेझियेचं गणित ठरवत नव्हतं. ते आधी कुणीतरी कागदावर ठरवलेलं असायचं. लोगोचंही तसंच आहे. फर्स्ट इयरला ड्राफ्टर घेऊन टॅन्जंट आर्क काढताना आपण सगळ्यांनी शिव्या घातल्यात ना? तोच हात इथे उपयोगी पडतो. एक पेन्सिल, एक कंपास आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. पैसे लागत नाहीत. पुढे कॉम्प्युटरवर न्यायची वेळ आली तर इंकस्केप फुकट मिळतं, क्रॅक शोधत बसायचीही गरज नाही.

आता काढायचं काय? माझ्या मते लोगो ही सही असते, आणि सहीत कुणी बायोडेटा लिहीत नाही. खिशात ५०० ची नवी नोट असेल (महिनाअखेर असेल तर रूममेटकडून मागा) तर ती उलटी करून बघा. तिथे स्वच्छ भारतचा चष्मा आहे. २०१४ साली झालेल्या खुल्या स्पर्धेतून निवडलेला तो लोगो कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचा. त्यात झाडू नाही, कचऱ्याचा डबा नाही. फक्त गांधीजींचा चष्मा, एका काचेत 'स्वच्छ' आणि दुसऱ्या काचेत 'भारत'. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढंच तो सांगतो आणि बास! नोटेवरच्या एवढ्याशा जागेतही तो ओळखू येतो.

त्याच नोटेवर रुपयाचं चिन्ह आहे. आयआयटी मुंबईत डिझाइनमध्ये पीएचडी करणाऱ्या डी. उदय कुमार यांचं ते काम, १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारलं. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांच्यात साम्य कुठे आहे ते त्यांनी शोधलं, वर शिरोरेषा आणि खाली तिला समांतर अजून एक रेघ दिली. इतकं साधं की वाण्याच्या दुकानातल्या पाटीवरही खडूने काढता येतं. "हे तर मीही काढलं असतं," असं वाटतं ना? तिथेच तर खरी मेख आहे. सुचायला वेळ लागतो, काढायला नाही.

म्हणून माझा नियम असा, की लोगो आधी फक्त काळ्या रंगात करायचा. मग कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्याची कॉपी काढायची, त्या कॉपीची कॉपी काढायची, आणि शेवटी नखाएवढी करून बघायची. तरीही ओळखू आला तर पास, नाहीतर केटी! रंग, शेड, थ्रीडी इफेक्ट हे सगळं नंतर. टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगने छापताना प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन करावी लागते, म्हणजे रंग वाढले की खर्च वाढतो. सात रंगांचा लोगो ट्रेझररला विचारल्याशिवाय करू नये.

अजून एक गोष्ट. आपल्या फेस्टची नावं संस्कृत किंवा मराठी, आणि लोगो मात्र इंग्रजी अक्षरांत, असं का? माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. चार रेघी वहीत कर्सिव्ह गिरवण्यात बालपण गेलं, त्यामुळे देवनागरी अक्षरांकडे 'आकार' म्हणून मी फार उशिरा बघायला लागले. पण बघायला लागल्यावर कळलं की केवढा खजिना आहे! शिरोरेषा, काना, वेलांटी, रफार... प्रत्येकात एक कल्पना लपलेली असू शकते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावं शोधून बघा. अक्षरं वाचायच्या आधीच नाटकाचा मूड समजतो. फक्त एक काळजी घ्या. सॉफ्टवेअरचं सेटिंग बरोबर नसेल तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. छापायला देण्याआधी मराठी नीट येणाऱ्या माणसाला एकदा दाखवाच.

आता कळीचा मुद्दा, पैसे आणि नाव. "अरे, तुला एक्सपोजर मिळेल!" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नायकेचं ते प्रसिद्ध चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या एका विद्यार्थिनीने ३५ डॉलरला करून दिलं, ही गोष्ट आपल्याला नेहमी ऐकवतात. तात्पर्य काय, तर सुरुवातीला असंच करायचं असतं! पण त्यातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. तिला तासाच्या हिशोबाने पैसे मिळाले होते, आणि १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर्सही दिले. म्हणजे शिकणाऱ्या मुलीच्याही तासांची किंमत धरली गेली होती. आपली कमिटी डीजेला हजारो रुपये देते, मंडपवाल्याला अ‍ॅडव्हान्स देते, आणि ज्याचं काम वर्षभर सगळ्यांच्या छातीवर असतं त्याला एक समोसा! तोही कधी कधी.

फुकट आणि घाईत करून घेतलेल्या कामाचा शेवट ठरलेला. पोरगं नेटवरून काहीतरी उचलतं, किंवा आजकाल एआयला एक ओळ टाइप करून देतं. एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण "हे असंच का?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याने लोगो केला असं म्हणता येत नाही. टोकियो ऑलिंपिकचा पहिला लोगो २०१५ मध्ये मागे घेतला गेला, कारण तो बेल्जियममधल्या एका थिएटरच्या लोगोसारखा दिसत होता. डिझायनरने कॉपीचा आरोप नाकारला, तरीही लोगो गेलाच. तिथे ही गत, तर आपल्या उचलेगिरीचं काय?

तेव्हा कमिटीच्या पुढाऱ्यांना नम्र विनंती. लोगो करणाऱ्याला किमान दोन आठवडे द्या, काय हवंय ते एका कागदावर लिहून द्या, थोडे का होईना पैसे द्या आणि ब्रोशरवर त्याचं नाव छापा. आणि ज्युनियर दोस्तांनो, रात्री अकराला दारावर थाप पडली तर सरळ सांगा, "सकाळपर्यंत होणार नाही. पण हा पेन्सिल आणि कागद घेतला, बसा, आधी फेस्ट कशाबद्दल आहे ते सांगा."

बघा, किती जणांना सांगता येतं ते!