धुळ्याला दुसरी वाट हवी

१९०० च्या सुमारास खानदेशात रेल्वेची दोन कामे झाली. चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला आणि सुरतेकडून आलेली ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरमार्गे जळगावला मिळाली. जळगावच्या हाती दोन वेगळ्या कंपन्यांचे मार्ग आले, आज मध्य आणि पश्चिम रेल्वेचे. धुळे मात्र फाट्याच्या टोकालाच राहिले. सव्वाशे वर्षे झाली, तरी धुळ्याची गाडी चाळीसगावलाच जाते.

एकाच वाटेवर विसंबण्याचा हाच प्रश्न डेटा सेंटर उभारणाऱ्यांनाही पडला होता. रॅकमधला स्विच वरच्या एकाच स्विचला जोडला, तर तो बंद पडला की सगळे ठप्प. दोघांना जोडला, तर डेटाची पाकिटे गोल फिरत राहण्याची भीती. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधलेला स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल त्यासाठी एक वाट बंदच ठेवतो; म्हणजे पैसे दोन केबलचे आणि काम एकीचे. मल्टी-चेसिस लिंक अ‍ॅग्रीगेशनने हे बदलले. वरचे दोन स्विच आपसांतल्या पीअर-लिंकवरून सतत माहिती देत-घेत राहतात आणि खालच्याला एकच असल्यासारखे दिसतात. दोन्ही केबल राबतात. मात्र पीअर-लिंक तुटली आणि दोघेही स्वतःला कारभारी समजू लागले, तर घोळ होतो, आणि तो शोधायला अवघड असतो.

२०११ मध्ये व्हीएक्सलॅनचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि आयपी नेटवर्कवर दुसरे, आभासी नेटवर्क पसरता येऊ लागले. त्यात वरच्या दोन स्विचांची ही जोडी आभासी नेटवर्कच्या बोगद्याचा एकच सामाईक पत्ता सांगते. २०१५ च्या ईव्हीपीएनने पुढची पायरी गाठली: कोणते यंत्र कोणकोणत्या स्विचला जोडले आहे हे बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलवरून सगळ्या स्विचांना कळते, त्यामुळे पीअर-लिंकचीही सक्ती उरत नाही.

पण वरचे जाळे कितीही हुशार असले, तरी ते खालच्या तारेवरच उभे असते. दोन्ही फायबर एकाच खंदकात असतील, तर रस्त्याच्या रुंदीकरणातला एक जेसीबी दोन्ही तोडतो. अशा दोन लिंकना दोन म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, असे माझे ठाम मत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली. त्यातला बोरविहीर–नरडाणा तुकडा धुळ्याचा फाटा थेट ताप्ती मार्गाला जोडेल. रूळ पडतानाच तिथे फायबरही पडावे. सरकारी कचेऱ्या, रुग्णालये, विद्यापीठ यांच्या निविदांत ‘दोन लिंक’ एवढेच लिहून भागणार नाही. दोन्ही खंदक नकाशावर वेगळे दाखवायला लावावेत आणि वर्षातून एकदा भर कामाच्या दिवशी एक लिंक मुद्दाम काढून बघावी.