शिलाईच्या डब्यातला टेप काढा

शाळेच्या स्टाफरूमपासून लग्नाच्या दावतीपर्यंत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, वजन फारसं वाढलं नाही, हातपाय तसेच आहेत, पण पोट मात्र पुढे आलंय. काय करावं?" विचारणारे बहुतेक तिशीतले असतात. कुणाला दोन मुलं झालेली असतात, कुणाची दुकानात नाहीतर ऑफिसात दहा तासांची बैठक असते. बायका हळू आवाजात विचारतात, पुरुष हसण्यावारी नेतात. या महिन्यात त्यावरच बोलू या, कारण हा विषय कपडे घट्ट होण्यापुरता नाही.

आधी मोजमाप. आपल्या प्रत्येक घरात शिलाईचा डबा असतो आणि त्यात इंचटेप असतो. तो काढा. सरळ उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर टेप गुंडाळा. श्वास सहज सोडून द्या, पोट आत ओढू नका, आणि आकडा वाचा. आपल्याकडच्या लोकांसाठी मर्यादा अशी मानतात: पुरुषांत 90 सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, स्त्रियांत 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. युरोपातल्या लोकांसाठी ही मर्यादा जास्त आहे. आपली कमी का, यामागे आपल्या पुण्याचा एक किस्सा आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, ते दोघांचं अगदी सारखं, 22.3. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बीएमआय सारखा होता, आतला हिशेब मात्र दुपटीहून वेगळा. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबीदार असू शकतो, आणि ती चरबी पोटाकडे जास्त साठते. म्हणून "माझं वजन तर बरोबर आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 39.5 टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. म्हणजे दस्तरखानावर पाच मोठी माणसं बसली, तर त्यांतल्या दोघांचा हा प्रश्न.

पोटावर चिमटीत सापडते ती कातडीखालची चरबी. खरी त्रासदायक ती तिच्याही आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठणारी. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात. यकृतात चरबी साचते, इन्सुलिनचं काम नीट होत नाही, साखर वाढू लागते. पाठोपाठ बीपी आणि रक्तातली चरबी. आपल्या नात्यागोत्यात चाळिशीतच साखरेच्या गोळ्या सुरू झालेले मामू, पन्नाशीआधी हार्ट अटॅक आलेले चाचा आपण पाहतो. त्यांची सुरुवात बहुधा तिशीतच झालेली असते, फक्त तेव्हा काही दुखत नाही. दिलाशाची गोष्ट अशी की ही आतली चरबी खाणं आणि हालचाल सुधारल्यावर लवकर दाद देते. वजनाच्या 5 ते 10 टक्के घट झाली तरी साखर, बीपी आणि यकृतावर चांगला परिणाम दिसतो. 70 किलोच्या माणसासाठी हे साडेतीन ते सात किलो झाले.

मग तिशीतच पोट का सुटतं? "वय झालं, शरीराची भट्टी मंदावली" असं आपण म्हणून टाकतो. 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हजारो माणसांच्या मोजणीवर आधारित अभ्यास आला. त्यात शरीराचा आकार लक्षात घेतला, तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत ही भट्टी जवळपास स्थिर राहते असं दिसलं. बदलतं ते आपलं जगणं. कॉलेजात असताना बसस्टॉपपर्यंत चालणारा मुलगा आता मशिदीपर्यंतही बाइकने जातो. माहेरी चार जिने चढणारी मुलगी आता सकाळपासून रात्रीपर्यंत राबते, पण दोन खोल्यांच्या आत. वापर नसला की स्नायू हळूहळू कमी होतात. झोप कमी पडते आणि कमी झोपेने भूक वाढते. खाणं मात्र तेच राहतं, किंबहुना वाढतं.

आता खाण्याकडे येऊ. मी शिक्षिका, तेव्हा थोडं गणित करू.

चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर. चमचाभर साखर सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 40 ग्रॅम आणि 160 कॅलरी. एवढ्या कॅलरी खर्चायला मध्यम वजनाच्या माणसाला सुमारे 35 ते 40 मिनिटं भरभर चालावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असणं उत्तम. आपण केवळ चहातच ती ओलांडतो. बिस्किट, खारी, शीर-खुर्मा यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

तेल. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. सालनावर तरंगणारी तर्री वाढण्याआधी दोन मोठे चमचे काढून टाकली, तर 240 कॅलरी वाचल्या. चवीत फरक पडत नाही, कारण मसाला खाली उतरलेला असतो. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 25 ग्रॅम आणि स्त्रीला 20 ग्रॅम वरचं तेल-तूप पुरे होतं. म्हणजे नवरा-बायको दोघांना महिन्याला जेमतेम दीड लिटर. या महिन्यात तुमच्या घरी किती पिशव्या आल्या, ते किराण्याच्या यादीत बघा. मुलं आणि पाहुणे वजा करा. आकडा स्वतःच बोलेल.

गोश्त बंद करायची गरज नाही. प्रथिनं पोट भरल्यासारखं ठेवतात आणि स्नायू टिकवतात. प्रश्न गोश्तासोबत काय येतं हा आहे. बिर्याणीच्या ताटात भाताचा डोंगर, गोश्ताचे दोन तुकडे आणि काकडीच्या चार चकत्या असतात. ताट उलट लावा: अर्धा भाग भाजी आणि कचुंबर, पाव भाग गोश्त, मासे, अंडी किंवा डाळ, उरलेला पाव भाग भात किंवा भाकरी. भाजी म्हटलं की घरातले पुरुष तोंड वाकडं करतात, हे मान्य. पण आपल्या अम्मी आणि नानी काय शिजवायच्या ते आठवा. दुधी घातलेला दालचा, पालक-गोश्त, शलगम-गोश्त, मेथी-कीमा, चुक्याचं सालन. एका किलोत सहाजण जेवायचे, कारण अर्धी हंडी भाजीची असायची. घरात पैसा आला तशी हंडीतली भाजी गेली. ती परत आणली तर खर्चही कमी होतो. कोकणातल्या घरांत मासा आहेच, तो तळण्याऐवजी आठवड्यातले बरेच दिवस कालवणात जाऊ द्या.

एक गोष्ट खास बहिणींसाठी. मुलांच्या ताटात उरलेलं वाया जाऊ नये, रिज्कची नासाडी होऊ नये, म्हणून आई ते खाऊन टाकते. तिचं स्वतःचं जेवण आधीच झालेलं असतं किंवा नंतर व्हायचं असतं. भावना योग्य आहे, पण उपाय ताटाच्या सुरुवातीला करायला हवा. मुलांना आधी थोडं वाढा, मागितलं तर पुन्हा वाढा. आणि सगळ्यांचं झाल्यावर दुपारी तीनला उपाशीपोटी दुप्पट जेवण्यापेक्षा सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसा. घरातल्या माणसांनीही तिला हाक मारून बसवावं.

दावतीत नकार देणं कठीण, हेही खरं. यजमान वाढत राहतात, नको म्हटलं तर मन दुखावतं. अशा वेळी पहिल्यांदाच कमी घ्या, हळू खा, ताट रिकामं करू नका. रिकामं ताट दिसलं की वाढणारा येणारच. आणि आपण यजमान असू तेव्हा दुसऱ्यांदा आग्रह करू नका. भूक थोडी राहिली असताना उठावं, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दावतीत मात्र तीच विसरतो.

आता व्यायाम. पोटाचे शंभर उठा-बशांसारखे व्यायाम केले म्हणून फक्त पोटाची चरबी वितळत नाही. त्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, चरबी मात्र शरीर आपल्या क्रमाने सगळीकडून कमी करतं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा सल्ला सोपा आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. 150 मिनिटं म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग हवा. वेळ नमाजशी जोडली की ती चुकत नाही. फज्रनंतर किंवा इशानंतर चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखर कमी उसळते.

स्नायूंसाठी जिम लागत नाही. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, असं बारा वेळा. भिंतीला हात लावून दंड, बारा वेळा. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली, बारा वेळा. थोडी विश्रांती घेऊन हे तिन्ही पुन्हा दोनदा. पंधरा-वीस मिनिटांत, दार बंद करून, घरच्या कपड्यांत होतं.

बाहेर चालणं बायकांना तितकं सोपं नसतं. मोहल्ल्यात मैदान नाही, रस्त्यावर नजरा, घरी लहान मूल. म्हणून भावांना विनंती: रात्रीचं चालणं एकट्याने न करता बायकोला सोबत न्या, किंवा तो अर्धा तास तुम्ही मुलं सांभाळा आणि तिला शेजारणीसोबत जाऊ द्या. बुरख्याखाली चप्पल न घालता बूट घाला. गच्ची असेल तर गच्चीही चालते. आणि कृपा करून तिच्या पोटावरून चारचौघांत चेष्टा करू नका. त्याने चरबीचा एक ग्रॅमही कमी होत नाही, उलट ती दावतीला जाणं आणि डॉक्टरकडे जाणं दोन्ही टाळते.

बाळंतपणानंतर काहींचं पोट चरबीमुळे नव्हे, तर पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर गेल्यामुळे पुढे दिसतं. पाठीवर झोपून डोकं किंचित उचललं आणि बेंबीच्या आसपास दोन बोटांहून जास्त फट लागली, तर पोटाचे जोराचे व्यायाम करू नका. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. गरोदरपणी साखर वाढली असेल, तर पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली तरी ठरावीक काळाने तपासत राहा. आणि पोट काही आठवड्यांतच वाढलं, कडक लागलं, दुखू लागलं किंवा पाळी बिघडली, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

बाजारातले घाम काढणारे पट्टे पाणी घालवतात, चरबी नाही. ते वजन ग्लासभर पाण्याने परत येतं. गरम पाण्यात लिंबू आणि शहद घेणारे खूप आहेत. शहद चांगलीच चीज आहे, पण मोठा चमचाभर शहदात सुमारे 60 कॅलरी असतात. नाश्त्यासोबत वरून घेतलं तर बेरीजच होते.

रमजानमध्ये वजन आपोआप उतरेल, असं अनेकांना वाटतं. ईदला काटा बघितला की उतरलेलं नसतं, कारण इफ्तारला रोज समोसे, भजी आणि सरबताचे ग्लास असतात. खजूर, पाणी, फळं आणि मग साधं जेवण एवढं ठेवलं, तळलेलं आठवड्यातून एखाद्या दिवशी केलं, तर तोच महिना चांगली सुरुवात ठरतो. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज्याआधी डॉक्टरकडून डोस ठरवून घ्यावा.

किती दिवसांत फरक पडेल? रोज साधारण 500 कॅलरी कमी झाल्या, तर आठवड्याला सुमारे अर्धा किलो, आणि पुढे हा वेग मंदावतो. वर दिलेल्या गणितात चहाची निम्मी साखर आणि सालनावरची तर्री मिळूनच 320 वाचतात. उरलेलं ताट आणि चालणं भरून काढतं. उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरवू नका, त्यात स्नायूही जातात आणि वजन परत येतं.

आजचा कमरेचा आकडा तारखेसह किराण्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. नवरा-बायको दोघांचाही. पुढची मोजणी चार आठवड्यांनी, सकाळी उपाशीपोटी, त्याच जागी. दरम्यान या महिन्यात फक्त तीन गोष्टी: चहातली साखर निम्मी, सालनावरची तर्री काढणं आणि रात्रीचं चालणं. बाकीचं पुढच्या महिन्यात जोडू, इन्शाअल्लाह.