शोध नोकरीचा, बेइमानी कशाची?

‘ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्याच पाठीमागे दुसरी नोकरी शोधायची, ही बेइमानी झाली.’ चाकणच्या कारखान्यापासून हिंजवडीच्या कंपनीपर्यंत हे वाक्य आजही ऐकू येते. आक्षेपकांचे म्हणणे तीन मुद्द्यांचे आहे. लपवणे हीच अपराधाची कबुली. करारावर सही केली की मोकळीक संपली. आणि जाणारा माणूस कंपनीची गुपिते घेऊनच जाणार.

आधी मिठाचे पाहू. महिनाभर राबल्यावर पगार हाती येतो. म्हणजे देणे राहिलेच, तर ते कंपनीकडे राहते. मग लपवायचे कशाला? कारण साहेबांना कुणकुण लागली की बढती अडते, चांगले काम दुसऱ्याकडे जाते आणि नवी नोकरी पक्की होण्याआधी जुनी हातची सुटते. ‘दुसरी नोकरी शोधली म्हणून काढू नये’ असे थेट संरक्षण खासगी नोकरीत कायद्याने दिलेले नाही. घरचा हप्ता आणि मुलांची फी ज्याच्या खांद्यावर आहे, त्याने गप्प राहणे हा अपराध कसा? एखाद्याच्या जागी नवा माणूस शोधताना कंपनीही त्याला आधी कळवत नाही. तिथे जी गोपनीयता शहाणपणाची ठरते, ती इथे पाप ठरू शकत नाही.

दुसरा मुद्दा सहीचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ सांगते की, कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कराराची मुदत संपल्यावर असा अटकाव चालत नाही. तरीही ‘सोडल्यावर दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ ही अट नेमणूकपत्रात छापली जाते आणि नवखी पोरे तिला घाबरून बसतात.

आक्षेपक यावर १९६७ चा गोलिकरी खटला पुढे करतात. तो टाळण्याचे कारण नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला गोलिकरी हा शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. उरलेल्या मुदतीत तेच काम दुसरीकडे करण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. पण ही मनाई ठरावीक कामापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती होती. नोकरी शोधणे गुन्हा आहे, असे त्या निकालात कुठेही नाही. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्याबद्दल २ लाख रुपयांचा बॉन्ड न्यायालयाने योग्य मानला. मुदतीआधी सोडण्याची किंमत मोजावी लागली, इतकेच. दुसरीकडे नोकरी करण्याची वाट त्याने बंद झाली नाही.

तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ग्राहकांची यादी, आराखडे, दरपत्रके ही कंपनीची मालमत्ता. ती पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर नेणारा माणूस माझ्या लेखी दोषीच आहे. पण हाताला लागलेली कसबे आणि कामातून आलेली समज ज्याची त्याची असते. ती कोणत्याही कपाटात कुलूप लावून ठेवता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: कंपनीची गुपिते कंपनीची, माझा शोध माझा. या दोन्हींची राखण एकाच सचोटीने व्हावी. नोकरदाराने अर्ज स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या ईमेलने करावा. कंपनीच्या लॅपटॉपवर तिची नजर असू शकते. मुलाखतीला हक्काची रजा घ्यावी. पेपर टाकल्यावर नोटीस पिरियड पाळावा, हातातले काम नीट सोपवावे. नव्या कंपनीने उमेदवाराच्या संमतीशिवाय सध्याच्या ऑफिसात चौकशीचा फोन करू नये. कन्सल्टन्सीने बायोडेटा ज्या जागेसाठी घेतला, त्याच जागेसाठी वापरावा. ज्या कारणासाठी माहिती दिली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आहे. आणि जुन्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर अडवून सूड उगवू नये.

निष्ठा कामाशी असते. शेवटच्या दिवसापर्यंत काम चोख करणारा माणूस उद्याची भाकरी कुठे शोधतो, याचा जाब विचारण्याचा अधिकार पगार देणाऱ्याला मिळत नाही.