तांबड्या शाईची ओळ

रुग्णालयांतील कागदी नोंदी आता संगणकात चालल्या आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात इच्छुकास १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो व त्याच्या संमतीनेच नोंदी दुसऱ्या डॉक्टरांस दिसतात. इंदूर, बडोदे, पुणे असे विखुरलेल्या आपल्या कुटुंबांची ही मोठीच सोय. मात्र क्रमांक काढल्याने जुने कागद आपोआप त्यात उतरत नाहीत. आमच्या मातोश्रींना पेनिसिलिन सोसत नाही, ही ओळ जुन्या केसपेपरावर तांबड्या शाईत होती. नव्या नोंदीत ती राहूनच गेली. वेळीच सांगितले म्हणून निभावले. तेव्हा वाचकहो, नवी नोंद जुन्या कागदांशी ताडून पाहिल्यावाचून ते रद्दीत घालू नयेत, एवढेच आमचे सांगणे.